चिलापी टकटक करते, पण गळाला लागत नाही : उजनीच्या पाण्यावर सॉफ्ट प्लास्टिकचं नेहमीचं दुखणं

चिलापी म्हणजे तिलापिया. सॉफ्ट प्लास्टिकवर, म्हणजे मऊ रबरी किड्यावर, ती धरायला गेलं की लक्षण बहुतेकांचं एकच असतं. जिग हेडवर, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळावर, दोन-तीन इंची किडा लावला, काठापासून पंधरा-वीस मीटरवर टाकला, तळाला बसू दिला आणि हळूहळू ओढायला घेतला की रॉडच्या टोकाला टक... टकटक. झटका मारला की रिकामं. पुन्हा टाकलं, पुन्हा टकटक, पुन्हा रिकामं. बाहेर काढून बघावं तर शेपूट अर्धं गेलेलं, नाहीतर अख्खा किडा गळाच्या बाकावर गोळा होऊन बसलेला. उजनीच्या बॅकवॉटरला कंदर, कुगाव, केत्तूरच्या काठांवर किंवा सोलापूर शहराजवळ म्हणून हिप्परग्याच्या तलावावर ल्यूर, म्हणजे नकली आमिष, टाकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रकार पाठ आहे. शेजारी गांडूळ लावून बसलेला माणूस एकामागून एक चिलापी काढत असतो आणि आपल्या हातात फक्त टकटक.

यावर लोक तीन उपाय करतात. किड्याचा रंग बदलतात, गळ मोठा लावतात आणि झटका आणखी जोरात मारतात. रंग बदलल्यानं नुकसान काही नाही, पण दुखणं तिथं नाही. बाकीच्या दोन्हींनी बिघडतं.

चिलापी चावत नाही, शोषून घेते

चिलापी खाताना नीट बघितली आहे का? घरी मत्स्यपेटी असेल तर तिच्यातला त्याच कुळातला कुठलाही मासा बघा. जबडा नळीसारखा पुढे येतो, तोंडाची पोकळी एकदम फुगते आणि समोरचं पाणी आत ओढलं जातं. त्या पाण्याबरोबर जे हलकं, मोकळं असेल ते आत जातं. आवडलं तर राहतं, नाहीतर डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर फेकलं जातं.

गांडूळ साध्या तंगुसावर, बारीक गळाला सैल लोंबत असतं. ते गळासकट आत जातं. आपला किडा मात्र पाच ग्रॅमच्या शिशाला जखडलेला, वरून ताणलेला दोरा. चिलापीनं तोंड फुगवलं की पाणी आत जातं, किड्याचं मऊ शेपूट दुमडून आत जातं, शिसं आणि गळ बाहेरच राहतात. हाताला जी टक लागते ती हीच. त्या क्षणी झटका मारणं म्हणजे तिच्या ओठांतून शेपूट उपसून काढणं.

सगळी दुरुस्ती यातूनच निघते. किडा गळासकट तिच्या तोंडात जाईल इतका आखूड, हलका आणि मोकळा पाहिजे. कंदरच्या काठावर होडी बांधून बसलेल्या एका मामांनी माझी टकटक बराच वेळ बघून एवढंच सांगितलं होतं, "मालक, ती खायलीय तवा तुम्ही वडायलाव. जरा ढील द्या की." ल्यूर त्यांनी कधी वापरलं नव्हतं, पण रोग बरोबर ओळखला होता.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सॉफ्ट प्लास्टिकचे जे व्हिडिओ आपण बघून शिकतो, त्यांतले बरेच ऑस्ट्रेलियातल्या ब्रीमचे असतात. यलोफिन ब्रीम आणि ब्लॅक ब्रीम हे तिकडच्या खाड्यांतले, जेट्टीच्या खांबांशी आणि कालवांच्या शेतीभोवती फिरणारे मासे. शेपूट कुरतडण्यात तेही पटाईत, म्हणून हलकं जिग हेड, छोटा किडा आणि लांब विश्रांती हे तीन धडे तिकडून जसेच्या तसे घ्यावेत. पण ब्रीमच्या जबड्यात मागे दाढा असतात, कालवं आणि खेकडे फोडून खाणारा तो मासा आहे. चिलापीचे दात बारीक, ओळींनी बसलेले, शेवाळ खरवडायच्या कामाचे. तिचा रोजचा आहार शेवाळ, तळातला कुजका गाळ आणि त्यातल्या अळ्या. त्यामुळे ब्रीमला चालणारी सलग रील फिरवायची पद्धत इथं बहुतेक वेळा फसते. चिलापी पळत्या किड्यामागं धावते ती हुसकावण्यासाठी. खायला तिला थांबलेला किडा लागतो.

आधी किडा वाचा

काही बदलण्याआधी टकटक झालेला किडा हातात घ्या आणि उन्हाकडे धरून थोडा वाकवा. वाकवल्यावर खुणा उघडतात.

शेपटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी बारीक बारीक ओरखडे, रबर खरबरीत झालेलं, पण तुकडा गेलेला नाही : ही चिलापीच, आणि किडा लांब आहे. हेच ओरखडे गळाच्या टोकापर्यंत किंवा डोक्यापर्यंत पोचले असतील तर किडा पूर्ण तोंडात गेला होता. मग दोष गळाचा आहे, टोक बोथट झालेलं किंवा रबरात दडलेलं. किडा गळावरून खाली सरकला असेल तर शेपूट धरून ओढलं गेलंय, म्हणजे दोरा फार ताठ होता. कडेनं स्वच्छ, अर्धगोल तुकडा कापला गेला असेल तर माशाच्या मागं लागू नका. ते खेकड्याचं काम असतं, जागा बदलायची. आणि रॉडला सतत टर्रर्र लागून किड्यावर खूणच नसेल तर बोटभर पिल्लांचा थवा आहे. त्यांच्या पलीकडे, हातभर जास्त खोल पाण्यात टाका. मोठी चिलापी त्या थव्यात क्वचित असते.

खूण नाही, टकही एखादीच, आणि गळावर हिरवं शेवाळ अडकून आलेलं, तर मासा नव्हताच. शेवाळाला घासताना दोरा तसाच वाजतो. हा फरक शब्दांत सांगणं अवघड आहे, पण शेवाळाचा ओढा हळूहळू वाढतो आणि सुटतो, चिलापीची टक कोरडी आणि तुटक असते.

दुरुस्ती

पहिलं वजन. दुकानात सहज हाताला लागणारी जिग हेड ३.५, ५, ७ ग्रॅमची असतात. चिलापीसाठी ती जड आहेत. पाच-सहा फूट पाण्यात १.८ ग्रॅम पुरतं, वारा नसेल तर ०.९ ग्रॅमसुद्धा. एवढं हलकं फेकायला दोरा बारीक लागतो. ०.६ नंबरची ब्रेड लाइन, म्हणजे विणलेला दोरा, आणि तिच्या टोकाला दीड-दोन हात फ्लोरोकार्बनचा सहा पौंडी लीडर, म्हणजे गळाकडचा तुकडा. २० पौंडी जाड ब्रेडवर दीड ग्रॅमचं जिग हेड दहा मीटरही जात नाही, आणि तिथंच लोक कंटाळून पुन्हा पाच ग्रॅमवर येतात. रॉड सहा-सात फुटी, टोकाला मऊ. ताठ टोकाचा रॉड माशाच्या तोंडातून किडा आपोआप ओढून घेतो.

गळ ६ किंवा ४ नंबरचा, बारीक तारेचा. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढा. घसरलं तर बोथट, अडलं तर चालेल. हिप्परग्याच्या भरावाच्या दगडांवर दोन-चारदा घासला की नवा गळही घसरायला लागतो.

दुसरं म्हणजे लांबी, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथंच पडतो. किडा दीड ते दोन इंच हवा. तीन इंची पाकीट आधीच घेतलं असेल तर ते वाया जात नाही. शेपूट कापू नका, हालचाल शेपटात असते. डोक्याकडून एक-दीड इंच सरळ कापून टाका आणि मग जिग हेडवर चढवा. गळाचं टोक आता किड्याच्या निम्म्याच्या मागं बाहेर येतं, म्हणजे तिनं शेपूट आत घेतलं की गळही आत जातो. काही जण शेपटात जादा छोटा तिहेरी गळ बांधतात. मला ते पटत नाही. उजनीच्या पाण्यात बुडालेल्या वेड्या बाभळी आहेत, सोडून दिलेली जाळी आहेत. तिहेरी गळ माशाआधी त्यांनाच लागतो.

किडा चढवताना गळ बाजूला धरून टोक कुठं बाहेर येईल ते आधी मोजा, तिथं नखानं खूण करा आणि किड्याच्या अंगावर साच्याची जी शिवण असते तिच्यावरच बाहेर काढा. बाकदार चढलेला किडा पाण्यात गरगरा फिरतो, दोऱ्याला पीळ देतो आणि चिलापी त्याच्या जवळ येऊन परत फिरते. काठाजवळ स्वच्छ पाण्यात एकदा ओढून बघितल्याशिवाय लांब फेकू नये.

तिसरं म्हणजे ढील. किडा तळाला बसला की रील बंद, रॉडचं टोक पाण्याजवळ. टोक वीतभर उचला, किडा तळावरून उठतो. टोक पुन्हा खाली आणा आणि दोऱ्यात थोडी झोळ राहू द्या. आता थांबा. पाच सेकंद थोडे होतात, दहा-पंधरा मोजा. टक बहुतेक वेळा किडा पडतानाच किंवा पडल्यावर लगेच येते. म्हणून लक्ष रॉडपेक्षा दोऱ्यावर ठेवायचं, दोरा पाण्यात शिरतो त्या जागेवर. तो किंचित उडाला, बाजूला सरकला किंवा नेहमीपेक्षा आधीच ढिला पडला, तर किडा तोंडात आहे.

आणि मग झटका मारू नका. रॉड आहे तसा ठेवून रील हळू फिरवा, ढील संपू द्या, वजन हाताला आलं की रॉड फक्त वर घ्या. बारीक तारेचा धारदार गळ एवढ्यानं बसतो. टक लागली आणि वजन आलं नाही, तर काही करू नका. किडा जिथल्या तिथं राहू द्या. चिलापी बऱ्याचदा परत येते, झटक्यानं मीटरभर पळालेल्या किड्यामागं मात्र सहसा येत नाही. हाताची सवय मोडायला वेळ लागतो, पण या दुखण्यावर यापेक्षा मोठं औषध मला माहीत नाही.

टीपीई या जास्त ताणल्या जाणाऱ्या रबराचे किडे मिळाले तर तळावरच्या कामाला ते फार चांगले. झी-मॅन कंपनीच्या किड्यांत हेच रबर असतं. ते पाण्यावर तरंगतं, त्यामुळे जिग हेड तळाला बसलं तरी शेपूट वर उभं राहतं आणि चिलापीला वरून टिपता येतं. ओढलं तरी तुटत नाही. फक्त हे किडे साध्या पीव्हीसी किड्यांबरोबर एका डबीत ठेवू नका, दोन्ही वितळून एकमेकांना चिकटतात.

एकाच जागी, एकच टक

वरचं सगळं करूनही काठाजवळच्या उथळ पाण्यात, दर वेळी त्याच जागी एकच टक येत असेल तर तुम्ही घरट्यावर टाकताय. नर चिलापी तळातल्या गाळात गोल खड्डा करून त्याची राखण करतो. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की उजनीच्या काठावर वाळलेल्या गाळात परातीएवढे खोलगट गोल रांगेनं उघडे पडलेले दिसतात, ती ही जुनी घरटी. पाणी आणखी खाली गेलेल्या जागी तशीच नवी रांग असते. त्यामुळे कोरडी रांग दिसली की मासे कुठं असतील याचा अंदाज येतो.

घरट्यावरचा नर भुकेला नसतो. किडा आत पडला की तो तोंडात धरून बाहेर नेऊन टाकतो. त्यामुळे ओढणं बंद. किडा खड्ड्यातच पडू द्या, दोरा बाजूला चालायला लागला की वर घ्या. पिल्लं किंवा अंडी तोंडात सांभाळणारी मादी मात्र खातच नाही, तिच्यापुढं कितीही किडे नाचवले तरी उपयोग नाही. म्हणून पाण्यात चिलापी ढीगभर दिसतात पण तोंड लावत नाहीत, असे दिवस येतात. उबदार पाण्यात ती वर्षातून अनेकदा अंडी घालते, तेव्हा हे फक्त पावसाळ्यातच होतं असंही नाही.

सोलापूरचं ऊन आणि बाकीच्या अडचणी

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. गाडीच्या डिकीत किंवा काचेखाली ठेवलेले किडे आपल्याकडं हमखास वाकतात, पाकिटात दाबले गेलेले शेपूट कायमचं मुडपून बसतं. असा किडा कसाही चढवला तरी फिरणारच. पीव्हीसी किडा असेल तर कडकडीत पाण्यात काही सेकंद चिमट्यानं धरा, सरळ झाला की लगेच गार पाण्यात टाका. पाण्यात भिजवून मिळणारे गल्प या ब्रँडसारखे वासाचे किडे वेगळे, ते डबी उघडी राहिली की सुकून टणक होतात. गळावर सोडलेला असा किडा दुपारपर्यंत खडखडीत होतो, मासा तोंडात घेऊन लगेच टाकतो.

डास पळवायच्या मलमांतलं डीट हे रसायन मऊ प्लास्टिक विरघळवतं. हाताला लावून किडा धरला तर तो चिकट होतो आणि वासही त्यावर बसतो. तंबाखू मळली असेल, गाडीत पेट्रोल भरलं असेल तरी काठावरची माती हाताला चोळून धुवा, मग पाकीट उघडा.

वारा ही हलक्या जिग हेडची खरी परीक्षा. आडव्या वाऱ्यात दोऱ्याला मोठी कमान पडते, ती किडा ओढत नेते आणि आपण थांबलोय असं वाटत असताना किडा पळत असतो. अशा वेळी वजन वाढवण्याआधी उभं राहायची जागा बदला. वाऱ्याच्या रेषेत टाका, रॉडचं टोक पाण्याला टेकवा. एवढं करूनही तळ लागत नसेल तर मग २.५ ग्रॅम. सकाळी पाणी निवांत असेल तेव्हा उलट बाजूचा उपाय करून बघा. दोऱ्यावर छोटं बुच बांधून त्याखाली अडीच-तीन फुटांवर ०.९ ग्रॅमचा दीड इंची किडा नुसता लोंबत ठेवा. बारीक लाटेवर तो आपोआप हलतो, दोरा कायम ढिला असतो. दिसायला ही पद्धत गांडूळवाल्याचीच आहे, आणि नेमकी म्हणूनच चालते.

रंगाबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा काळा, गडद तपकिरी. उन्हाळ्यात शेवाळानं पाणी हिरवं झालं की तेच गडद रंग किंवा मोटर ऑइलसारखा मातकट. हिवाळ्यात पाणी निवळलं की फिकट, आरपार दिसणारा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जाऊन काही मिळत नाही. चिलापी उबेची, ऊन तापून उथळ पाणी कोमट झाल्यावर, अकरानंतर हलायला लागते.

धरण "शून्य टक्क्यांवर" आलं म्हणून बेत रद्द करू नका. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. शून्य टक्के म्हणजे तेवढं पाणी उरलेलंच असतं, फक्त काठ लांब जातो. त्या हटलेल्या काठाचा गाळ मात्र फसवा आहे. वरून वाळलेला दिसतो आणि पाय गुडघ्याच्या वर जातो. एकट्यानं त्यात उतरू नये. उपशाच्या मोटारींचे पाइप जिथं पाण्यात उतरतात तिथं चिलापी गोळा होते हे खरं, पण केबलही तिथंच असतात. मोटार चालू असताना त्या पाण्यात पाय घालायचा नाही आणि ब्रेड लाइन केबलवर टाकायची नाही. मासेमारीच्या हक्कांची, परवान्याची चौकशी गावातच करून घ्या, आणि भोई-कोळी बांधवांची जाळी लागलेली दिसली तर त्या बाजूला किडा फेकू नका. त्यांचं पोट त्यावर आहे.

लागली, पण काठाशी सुटली

टकटकीचं कोडं सुटलं की पुढची तक्रार ही. चिलापीचा जबडा पुढं येतो तिथं पातळ पडदा असतो, गळ बहुतेक तिथंच बसतो. ताणलं की भोक मोठं होतं आणि उडी मारताना गळ निसटतो. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटायचा ताण, इतका सैल ठेवा की हातानं दोरा धरून ओढला तर रीलमधून सहज सुटावा. तिला आडवं पळू द्या, ती चपटी असल्यानं पाण्याचा जोर अंगावर घेऊन गोल फिरते, त्या वेळी रील फिरवू नका, फक्त रॉड वाकलेला ठेवा. दोऱ्याला धरून वर उचलायचं तर नाहीच. छोटी हातजाळी आधी पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा तिच्यावर आणा.

गळ काढताना डोक्याकडून मागं हात फिरवत पाठीचे काटे दाबून धरा, उलटा हात गेला तर तळव्यात शिरतात. ठेवायची नसेल तर त्याच पाण्यात सोडा, बादलीत घालून दुसऱ्या तळ्यात, विहिरीत किंवा शेततळ्यात नेऊ नका. ही मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणलेली, आणि एकदा शिरली की स्थानिक माशांची जागा खाते.